खिळ्यावरची कांडी

टिचकीमास्तरांना मास्तर म्हणत असले तरी त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि लहानपणी शाळेत ते स्वतःही फार काळ टिकले नव्हते. मास्तर हे नाव गल्लीने लावलं होतं. त्याआधीची टिचकी मात्र त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची कमाई होती. हाती येईल ती वस्तू ते आधी नखाने एकदा वाजवून पाहत. चहाचा कप, खिडकीची काच, तंबूची ॲल्युमिनियमची काठी, काहीही. त्यांच्या खोलीच्या वर दातांचे एक डॉक्टर होते. जिन्याशी गाठ पडली की डॉक्टर जबडा पुढे करून म्हणत, "मास्तर, एवढी दाढ वाजवून सांगा, म्हणजे एक्स-रे काढायला नको."

त्यांना बाळ म्हणणारी एकच व्यक्ती होती, त्यांची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणत. साठी उलटलेल्या, भुवयासुद्धा पिकलेल्या माणसाला कुणीतरी "बाळ, चष्मा कुठे टाकलास?" असं विचारतंय हे ऐकून नवी गिऱ्हाइकं हसू दाबत. ताईला त्याचं काही नव्हतं. त्याला कडेवर घेऊन फिरल्याचं तिला अजून आठवत होतं.

दोघांची कामाची खोली एकच. रस्त्याकडच्या खिडकीशी ताईचं शिलाईचं मशीन. डोंगरात हिंडणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांचे तुटलेले पट्टे, अडलेल्या चेनी, फाटलेले तंबू, सगळं तिच्याकडे यायचं. उजेड हवा म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसे, त्यामुळे भावाकडे तिची कायम पाठ असे. आतल्या भिंतीशी मास्तरांचं टेबल. त्यावर स्टोव्ह असत, दिवे असत, पण मुख्य काम पाण्याच्या फिल्टरचं. डोंगरात नेतात तो हातपंपाचा छोटा फिल्टर. त्याची एक नळी ओढ्यात सोडायची, दांडा दाबायचा, की दुसऱ्या नळीतून बाटलीत पिण्याजोगं पाणी पडतं. सगळी करामत आतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या कार्ट्रिजची. मास्तर तिला कांडी म्हणत, म्हणून ताईही कांडीच म्हणे.

कांडी गाळाने तुंबली की घासायची, घासून घासून झिजली की बदलायची, एवढं कुणालाही जमतं. खरी भीती तड्याची. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही. पाणी येत राहतं, उलट थोडं सहजच येतं, आणि दिसायला स्वच्छही असतं. म्हणून नवी कांडी खोक्यातून निघाली की मास्तर तिची प्लास्टिकची टोपी दोन बोटांत अलगद धरत, कांडी कानाशी नेत आणि टिचकी मारत. अखंड कांडी बारीक, खणखणीत वाजते, आणि तो आवाज थोडा वेळ हवेत राहतो. तडकलेली असेल तर बद्द आवाज येतो, लाकडावर मारल्यासारखा. ही परीक्षा फिल्टरबरोबर येणाऱ्या कागदावर कुठेच दिलेली नसते. मास्तरांनी ती कपबशांच्या दुकानातून आणली होती. तरुणपणी ते तिथे कामाला होते. गिऱ्हाइकाला कप बांधून देण्याआधी एकेक वाजवून द्यायचा, अशी तिथली पद्धत होती.

ते दुकान सोडून ते ताईच्या खोलीत का आले, हे गल्लीतल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं.

ताईचे यजमान माणसांना डोंगरात घेऊन जात. हसरा, उंच, कुणाचंही ओझं आपल्या खांद्यावर घेणारा माणूस. एका खेपेला त्यांचा फिल्टर खडकावरून घरंगळला. उचलून पुसला, पंप मारून पाहिला, पाणी नितळ आलं. सगळे तेच पाणी प्यायले. दोन दिवसांत सगळे आडवे झाले, आणि ते स्वतः आजारी असताना एकेकाला धरून खाली आणत राहिले. बाकीचे दवाखान्यातून चालत घरी गेले. ते परत आले नाहीत. दोष कुणाचाच नव्हता, आणि हेच ताईला सगळ्यात जड गेलं. रागावायला कुणी सापडलं असतं तर तेवढाच आधार झाला असता.

त्यांची पिशवी घरी आली तेव्हा ती उघडायचा धीर तिला होईना. बाळने उघडली. कपडे घडी करून ठेवले, बूट पुसले, आणि फिल्टर खोलून आतली कांडी बाहेर काढली. उन्हात वाळवली. मग सवयीने कानाशी धरून टिचकी मारली. बद्द. ताई दारात उभी होती, तिनेही ऐकलं. पुढच्याच महिन्यात त्याने कपबशांचं दुकान सोडलं आणि तिच्या मशीनमागे आपलं टेबल आणून टाकलं. ती कांडी दोरीत ओवून टेबलाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला टांगली. कुणी विचारलं तर म्हणायचा, फुटकी कशी वाजते ते कान विसरू नये म्हणून ठेवली आहे.

सांत्वनाचे शब्द त्याच्याजवळ नव्हते. बहिणीला जवळ घेऊन रडणाऱ्यातलाही तो नव्हता. तो टिचकी मारायचा, एवढंच. पण मारायचा ती खोलीभर ऐकू जाईल अशी. पाठ करून बसलेल्या ताईचा पाय मशीनवर क्षणभर थांबायचा, कांडी खणखणायची, आणि पाय पुन्हा चालू लागायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. कुणाचा तरी नवरा, कुणाची तरी मुलगी उद्या डोंगरात हे पाणी पिणार आहे आणि परत येणार आहे, हे तिला त्या आवाजातून कळायचं. याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. बोलावं लागलंच नाही.

मग दातांच्या डॉक्टरांचं निमित्त झालं. वरच्या ड्रिलचा आवाज म्हणजे मास्तरांचा जुना वैरी. तो सुरू झाला की ते स्क्रू ड्रायव्हर आपटत आणि म्हणत, "खणतोय विहीर." एके दिवशी चहा पिता पिता ते हळहळून म्हणाले की बिचाऱ्या डॉक्टरचा धंदा बसला वाटतं, हल्ली वर अगदी सामसूम असते. त्या क्षणी वर ड्रिल चालू होतं. ताईने छताकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि बशी खाली ठेवली. चेष्टा असेल म्हणून ती थोडी हसलीसुद्धा. मास्तर हसत नव्हते.

त्यानंतर तिला एकेक गोष्ट आठवू लागली. तिचं मशीन जरा कुरकुरलं की तो तेलाची बुधली घेऊन उठायचा, तिने सांगायची वाट कधी बघायचा नाही. आता कित्येक आठवडे मशीन कुरकुरत होतं आणि तो उठला नव्हता. ती बोललेलं त्याला ऐकू यायचं, रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायचे. हरवले होते ते फक्त बारीक आवाज. वयाने कान वरच्या टोकाकडून झिजत येतात, असं तिला डॉक्टरांनी पुढे कधीतरी जिन्यात सांगितलं. त्याला तपासायला न्या, असंही सांगितलं. ताईने मान डोलावली आणि त्याला काहीच सांगितलं नाही.

कारण तोवर कांड्यांचं सुरू झालं होतं. मास्तर नवी कांडी काढत, टिचकी मारत आणि तोंड वाकडं करत. "बद्द. ताई, आताची मातीच फुसकी आहे." पाठ करून बसलेल्या ताईने ती कांडी छान खणखणलेली ऐकलेली असे. मास्तर टोपीखाली पेन्सिलीने फुली मारत, कांडी खोक्यात घालत आणि कोपऱ्यातल्या टोपलीत टाकत. माल पोचवणाऱ्याला परत करायची ती टोपली. आधी एखादीच जायची, मग रोज एक जाऊ लागली.

ताईने काय केलं, ते सांगायला सोपं आहे. मास्तर दुपारी चहाला बाहेर पडले की ती टोपलीजवळ जाई. एकेक कांडी काढून कानाशी धरी आणि आपल्या नखाने वाजवून पाही. तिचं नख सुईने खडबडीत झालेलं, टिचकी काही भावासारखी बसायची नाही, पण आवाज तोच यायचा. खणखणीत वाजली की फुली खोडरबराने पुसून कांडी परत फळीवर. एकदा एक खरोखरच बद्द वाजली, ती तिने टोपलीतच ठेवली आणि नंतर बराच वेळ मशीनवर नुसती बसून राहिली. फळीवर ठेवलेली कांडी पुन्हा मास्तरांच्या हाती यायची. गिऱ्हाइकासमोर ती तिसऱ्यांदा, चौथ्यांदा फुटकी ठरायची. मग ताई म्हणायची, असू दे, गिऱ्हाईक घाईत नाही, उद्या ने म्हणावं. आणि संध्याकाळी भाऊ हात धुवायला गेला की कांडी फिल्टरात ती स्वतः बसवून ठेवायची.

त्याला सांगायचं तिच्या जिभेवर कितीदा तरी आलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझी टिचकी गेली, असं? तिच्यासाठी त्याने आयुष्यात जे एकच केलं होतं, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. आणि तिच्याकडूनही.

शेवटी ते सांगावंच लागलं, ते शाळेतल्या खेळाच्या बाईंमुळे. या बाई दरवर्षी मुलींना डोंगरात घेऊन जात आणि जाण्याआधी फिल्टर मास्तरांनाच दाखवत. त्या दिवशी त्या दुपारीच आल्या. मुलींची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. मास्तरांनी फिल्टर खोलला, कांडीला झिजेचं माप लावलं. कांडी मापात सैल बसली. बदलावी लागेल, ते म्हणाले, आणि फळीवरून नवं खोकं काढलं.

टिचकी. ताईचा पाय थांबला. कांडी वाजली, स्वच्छ, बारीक.

"बद्द," मास्तर म्हणाले.

दुसरी. तीही बद्द. तिसरी काढली, तिलाही त्यांनी तेच म्हटलं, पण ती खोक्यात घालताना त्यांचा हात थबकला. कान दगा देत असला तरी त्यांची नजर अजून घारीची होती. टोपीची खालची बाजू त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. पेन्सिल पुसली गेली होती, पण प्लास्टिकमध्ये दाबलेली फुली जात नाही. त्यांनी पहिल्या दोन पुन्हा काढल्या आणि त्याही उजेडात धरल्या. एकीवर दोन फुल्या होत्या, दुसरीवर एकीखाली एक किती, ते त्यांनी मोजलं नाही.

"ताई," ते म्हणाले. "या टोपलीतल्या आहेत."

ताईने मान वळवली नाही.

"फुटक्या कांड्या फळीवर कुणी ठेवल्या?"

बाईंना वाटलं, काहीतरी किरकोळ असेल. त्या हसून म्हणाल्या, जाऊ द्या हो मास्तर, जुनीच घासून द्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते टेबलाला वळसा घालून मशीनसमोर येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा ताईने इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. त्यात राग होता, पण त्याच्या आत घाबरलेपणा होता, घरातलं माणूस ओळखू येईनासं झालं की वाटतं तसा.

"पोरी जाणार आहेत उद्या," ते म्हणाले. "आणि तू? तू, ताई?"

तो उच्चार तिच्या काळजात रुतला. तिला उमगलं की आता दोनच वाटा आहेत. एक तर आपण त्याच्या नजरेत असं काही करणारी बाई ठरू, किंवा त्याला खरं सांगू. तिने कापडातली सुई वर घेतली, धागा तोडला आणि उभी राहिली.

"त्या फुटक्या नाहीत, बाळ."

"मी वाजवल्यात."

"मीपण वाजवल्यात. प्रत्येक. त्या वाजतात."

मास्तरांनी हातातली कांडी तिच्या कानाशी नेली आणि टिचकी मारली. आवाज हवेत राहिला, विरला. ते तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने काही बोलायच्या आत त्यांनी बाईंकडे वळून त्यांच्या कानाशीही तीच कांडी वाजवली. बाई भांबावल्या होत्या. चांगली घंटीसारखी वाजतेय की, असं त्या अगदी सहज बोलून गेल्या. बोलून झाल्यावर ताईच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना कळलं की आपण बोलायला नको होतं.

मास्तर टेबलाशी परत गेले. खिळ्यावरची दोरी सोडताना गाठ त्यांच्याकडून सुटेना, म्हणून ताई पुढे झाली. तिने इतक्या वर्षांत त्या कांडीला हात लावला नव्हता. तिच्या बोटांनी गाठ सोडवली आणि कांडी त्याच्या हातात दिली.

त्यांनी डाव्या कानाशी भावोजींची कांडी धरली. टिचकी मारली. मग नवी धरली, टिचकी मारली. परत जुनी. परत नवी. कान बदलला. खोलीत बद्द, खणखणीत, बद्द, खणखणीत असं ऐकू येत होतं, आणि ते ऐकणाऱ्या दोघीच होत्या, ताई आणि बाई. ज्याने आयुष्यभर ते दोन आवाज वेगळे केले, तो दोन्ही कांड्या हातात घेऊन उभा होता आणि त्याला काही फरक कळत नव्हता.

"सारख्याच," ते म्हणाले.

वर ड्रिल सुरू झालं. मास्तरांनी ताईच्या नजरेमागोमाग छताकडे पाहिलं.

"चालू आहे?"

ताईने मान हलवली.

"म्हणजे त्याचा धंदा बसलेला नाही." ते हसायला गेले, पण ओठ नीट जुळले नाहीत. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि हळूच बसले. बसल्यावर ते एकदम लहान दिसू लागले. ताईला वाटलं, जाऊन डोक्यावरून हात फिरवावा. पण दोघांत ती पद्धत नव्हती, आणि आज ती सुरू केली असती तर तो मोडून पडला असता. तिने पाण्याचा पेला भरून टेबलावर ठेवला. तोही त्यांनी सवयीने आधी नखाने वाजवला, आणि मग बोट आखडून घेतलं.

बाईंनी पिशवी उचलली होती. मी फिल्टर दुसरीकडे बघते, तुम्ही विश्रांती घ्या, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बसा, बाई. पोरींचं पाणी आहे."

त्यांनी जुनी रबरी रिंग काढली, खाच पुसली, नवी रिंग बोटावर ग्रीस घेऊन सगळीकडून सारखी माखली आणि बसवली. हात नेहमीसारखेच चालत होते, कुठे अडत नव्हते. मग नवी कांडी दोन बोटांत अलगद धरली. कानाशी नेली नाही. ती समोर धरून त्यांनी ताईकडे पाहिलं.

"ताई, तोंड इकडे कर."

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी टिचकी मारली. आवाज आला. ताईने होकारार्थी मान हलवली.

"नक्की?"

तिने पुन्हा मान हलवली. मास्तरांनी कांडी आत बसवली, झाकण फिरवलं, बादलीत नळी सोडून पंप मारला. नव्या कांडीचं पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं, ते टाकलं. मग पेला भरून बाईंसमोर धरला. त्यांनी तो घेतला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायल्या. जाताना त्यांनी दोघांनाही नमस्कार केला. तसा त्या एरवी करत नसत.

दुसऱ्या दिवशी मास्तर उशिरा आले. आता ते येतात की नाही, अशी धास्ती ताईने सकाळभर सोसली होती. आल्या आल्या त्यांनी काही न बोलता तिचं मशीन ओढायला घेतलं. जड मशीन, फरशीवर खरखरत सरकलं. उजेड नीट यायचा नाही, ती म्हणाली. दिवा लावून देतो, ते म्हणाले. मशीन त्यांनी असं ठेवलं की ती त्यांच्या टेबलाकडे तोंड करून बसेल. इतकी वर्षं तिने ते ऐकलं होतं पाठीने. आता तिचा चेहरा त्यांना दिसायला हवा होता.

दुपारी एका तरुण जोडप्याचा फिल्टर आला. मास्तरांनी टिचकी मारली आणि वर पाहिलं. ताईने शिलाई थांबवून मान हलवली. जोडप्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हातारी बहीण भावाला हो म्हणाली, एवढंच त्यांनी पाहिलं.

पण ताईला ते पहिल्यासारखं नव्हतं. पूर्वी तो आवाज यायचा तेव्हा पलीकडे कुणीतरी तो ऐकतं आहे, हे तिला माहीत असे. दोघांनी मिळून ऐकलेलं ते एकच सुख होतं. आता आवाज फक्त तिच्यापाशी येऊन संपत होता. आणि दर वेळी मान हलवताना भावाच्या डोळ्यांत ती पाहत होती की तो विश्वास ठेवतो आहे, ऐकत नाही. खिळा मोकळाच होता. कांडी त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली होती. तिचं आता त्यांना काही काम नव्हतं.

संध्याकाळी हात धुवायच्या आधी मास्तर तेलाची बुधली घेऊन उठले आणि मशीनच्या चाकाशी वाकले.

"कुरकुरत नाहीये रे," ताई म्हणाली. खरं तर कुरकुरत होतं.

"मला काय कळतंय?" ते म्हणाले. "म्हणून आता रोजच घालत जाईन."

त्यांनी चाकाच्या दोन्ही बाजूंना थेंब थेंब तेल सोडलं, चाक हाताने एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं, आणि थांबून वर तिच्याकडे पाहिलं.

ताईने मान हलवली.